सध्याची स्क्रीन आणि वर्तमानाचे ज्ञान

अँड्रॉइड ॲपच्या स्वयंचलित चाचणीत एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमची परीक्षा घेतो. चाचणी बटण दाबते, रकान्यात मजकूर भरते, यादी सरकवते आणि प्रत्येक टप्प्याला अपेक्षित तेच घडले का ते तपासते. हे करताना तिला एक प्रश्न सतत विचारावा लागतो: या घडीला समोर कोणती स्क्रीन आहे? लॉगिननंतर मुख्य पान आले का, पैसे भरल्यावर पावती दिसली का, हे या उत्तरावर ठरते. प्रश्न साधा दिसतो, पण चाचण्यांचे कितीतरी चुकीचे निकाल याच ठिकाणी जन्म घेतात. त्याचे मूळ केवळ तंत्रात नाही. वर्तमान म्हणून काही असते का, ते कुणी आणि कुठून जाणायचे, जाणलेले किती काळ खरे राहते, हे ज्ञानमीमांसेचे जुने प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. न्याय, मीमांसा, बौद्ध आणि वेदान्त या दर्शनांनी त्यांवर केलेला सूक्ष्म विचार या नव्या क्षेत्रातही उपयोगी पडतो.

स्क्रीनचे अस्तित्व

अँड्रॉइडमध्ये वापरकर्त्याला दिसणारी स्क्रीन ॲक्टिव्हिटी नावाच्या घटकावर उभी असते. ॲक्टिव्हिटी कधी घडवायची आणि कधी मोडायची, हे सर्वस्वी ॲपच्या हातात नसते. त्यात कार्यप्रणालीचा शब्द मोठा असतो. प्रत्येक ॲक्टिव्हिटी ठरलेल्या अवस्थांतून जाते. ऑनक्रिएटमध्ये ती घडते, ऑनस्टार्टमध्ये दिसू लागते, ऑनरिझ्यूममध्ये स्पर्शाला प्रतिसाद देण्यास सिद्ध होते. दुसरे काही पुढे आले की ऑनपॉज, पूर्ण झाकली गेली की ऑनस्टॉप आणि शेवटी ऑनडिस्ट्रॉय. यावरून सध्याची स्क्रीन म्हणजे रिझ्यूम अवस्थेतील ॲक्टिव्हिटी, अशी कामापुरती व्याख्या करता येते.

या घटकाचे आयुष्य अल्प असते. फोन आडवा धरला आणि ॲपमध्ये वेगळी तजवीज नसली, तर चालू ॲक्टिव्हिटी नष्ट होते आणि त्याच वर्गाची नवी तयार होते. पडद्यावर तीच बटणे, तोच मजकूर दिसतो. वापरणाऱ्याला काही बदलल्याची जाणीवही होत नाही. मेमरीतील वस्तू मात्र दुसरी असते. बौद्ध दार्शनिकांनी दिव्याच्या ज्योतीविषयी हेच सांगितले होते. ज्योत क्षणोक्षणी नवी असते. एकीसारखी दुसरी दिसते म्हणून ती एकच वाटते. सर्वच वस्तू अशा क्षणिक आहेत का, हा वाद दर्शनांमध्ये शतकानुशतके चालला. ॲक्टिव्हिटीच्या बाबतीत वादाला जागा नाही. येथे सादृश्य आणि एकत्व या दोन गोष्टी उघडपणे वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केली की चाचणी चुकते.

वर्तमान नाहीच, हा पूर्वपक्ष

एका ॲक्टिव्हिटीतून दुसरी उघडताना अवस्थांचा क्रम ठरलेला असतो. आधी पहिलीचे ऑनपॉज होते. मग दुसरीचे ऑनक्रिएट, ऑनस्टार्ट आणि ऑनरिझ्यूम होते. त्यानंतर पहिलीचे ऑनस्टॉप होते. म्हणजे पहिली थांबल्यापासून दुसरी सिद्ध होईपर्यंत एक कालखंड असा असतो, की त्या ॲपची एकही ॲक्टिव्हिटी रिझ्यूम अवस्थेत नसते. चाचणीने नेमका तेव्हा प्रश्न विचारला, तर उत्तरादाखल रिकामी यादी मिळते. जुनी स्क्रीन गेली आहे, नवी आलेली नाही आणि सध्याची म्हणावी अशी एकही नाही.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या आह्निकात नेमका असा आक्षेप येतो. देठापासून सुटलेले फळ जमिनीकडे पडत असते. त्याने जेवढे अंतर कापले ते भूतकाळाचे, जेवढे कापायचे आहे ते भविष्यकाळाचे. या दोहोंमध्ये तिसरे अंतर उरतच नाही. मग वर्तमानकाळ कशाला म्हणायचे? बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेतील गतीची परीक्षा याच जातीची आहे. इसवी सन 400च्या सुमारास ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिननेही आपल्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या भागात काळाचे असेच तुकडे पाडत नेले आणि वर्तमानाला लांबी उरत नाही, अशा टोकाला तो पोहोचला.

न्यायाचे उत्तर

न्यायदर्शनाचे उत्तर दुपदरी आहे. पहिले असे, की भूत आणि भविष्य वर्तमानाच्या आधारावरच सांगता येतात. वर्तमान नाकारला तर ‘झाले’ आणि ‘होणार’ हे शब्दही निराधार होतात. दुसरे अधिक महत्त्वाचे. प्रत्यक्ष ज्ञान वर्तमान वस्तूचेच होते. वर्तमान नसेल तर प्रत्यक्ष नाही, आणि अनुमान व शब्द ही प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, अखेर प्रत्यक्षावरच टेकलेली असल्याने कशाचेच ज्ञान होणार नाही. चाचणीलाही हेच लागू आहे. ‘आत्ता असे आहे’ हे एकही विधान करता येत नसेल, तर चाचणीचा कोणताच निकाल उभा राहू शकत नाही.

मग वर्तमान ओळखायचा कसा? भाष्यकार वात्स्यायन सांगतो, की वर्तमान मोजलेल्या अंतरावरून कळत नाही. तो एक तर वस्तूच्या असण्यावरून कळतो, नाही तर क्रियेच्या प्रवाहावरून. त्याचे उदाहरण स्वयंपाकाचे आहे. भांडे चुलीवर ठेवणे, पाणी ओतणे, तांदूळ टाकणे, सरपण सारणे, विस्तव पेटवणे, पळीने ढवळणे, पेज काढणे, भांडे उतरवणे, या सर्व क्रियांचे फळ एक असल्यामुळे तेवढ्या अवधीत ‘शिजवतो आहे’ हे म्हणणे खरे ठरते. वर्तमानाला लांबी असते, आणि ती क्रियेच्या प्रयोजनाने ठरते.

गूगलने 2013 मध्ये जाहीर केलेली एस्प्रेसो ही चाचणीप्रणाली नेमक्या याच भेदावर चालते. स्क्रीन बदलण्याची क्रिया चालू असताना ती प्रश्न विचारत नाही. स्क्रीनची कामे एकामागून एक करणाऱ्या मेन थ्रेडच्या रांगेतील तातडीची कामे संपली का, पार्श्वभूमीला चालणारी एसिंकटास्क प्रकारची कामे उरकली का, आणि चाचणी लिहिणाऱ्याने आयडलिंग रिसोर्स म्हणून नोंदवलेल्या गोष्टी स्वस्थ झाल्या का, हे पाहून मगच ती पुढे जाते. क्रियेचा प्रवाह थांबला, आता वस्तूच्या असण्यावरून वर्तमान सांगता येईल, अशी ती अवस्था असते. पूर्वपक्षाने दाखवलेला रिकामा कालखंड खोटा नसतो; तो ‘होत असणे’ या प्रकारच्या वर्तमानाचा असतो, आणि त्याला ‘आहे’ या प्रकारचा प्रश्न विचारणे हीच चूक असते.

ही स्वस्थता निरपेक्ष नाही. ॲपने स्वतःच्या वेगळ्या थ्रेडवर सर्व्हरकडे मागणी पाठवली असेल आणि तिची नोंद केलेली नसेल, तर एस्प्रेसोच्या लेखी सारे शांत असते. प्रत्यक्षात उत्तर वाटेत असते. जाणणाऱ्याला जेवढ्या क्रियांची खबर आहे तेवढ्यांपुरतेच त्याचे वर्तमान निश्चित असते.

प्रश्न कुठून विचारायचा

चालू ॲक्टिव्हिटी मिळवण्याचा एक रूढ मार्ग म्हणजे ॲक्टिव्हिटी-लाइफसायकल-मॉनिटर. ॲक्टिव्हिटी एका अवस्थेतून दुसरीत जाते तेव्हा तिची वर्दी इन्स्ट्रुमेंटेशनमार्फत, म्हणजे चाचणीला ॲपशी जोडणाऱ्या व्यवस्थेमार्फत, या मॉनिटरला मिळते, आणि रिझ्यूम अवस्थेत कोण आहे हे त्याला विचारता येते. मात्र हा प्रश्न मेन थ्रेडवरूनच विचारावा लागतो. अन्यत्र विचारल्यास प्रणाली तो नाकारते. चाचणीचा स्वतःचा थ्रेड वेगळा असल्याने तिला आपला प्रश्न मेन थ्रेडकडे सोपवून उत्तराची वाट पाहावी लागते.

या अटीमागे भक्कम कारण आहे. ॲक्टिव्हिटीच्या सर्व अवस्था मेन थ्रेडवरच बदलतात, आणि मेन थ्रेड एका वेळी एकच काम करतो. म्हणून त्याच्यावर प्रश्न विचारला जात असताना अवस्था बदलूच शकत नाही. दुसऱ्या थ्रेडवरून विचारले तर उत्तर हाती येईपर्यंत ते शिळे झालेले असू शकते.

न्यायदर्शनात मनाला अणुपरिमाण मानले आहे. एका वेळी ते एकाच इंद्रियाशी जोडले जाते, म्हणून दोन ज्ञाने एकदम उत्पन्न होत नाहीत. कमळाच्या शंभर पाकळ्यांतून सुई आरपार गेली की सर्व एकदम भेदल्या गेल्या असे वाटते, पण ती एकेक पाकळी भेदत गेलेली असते. मेन थ्रेडचेही असेच आहे. एकसंध दिसणारी हालचाल प्रत्यक्षात एकामागून एक झालेल्या कामांची माळ असते. या तुलनेला एक मर्यादा आहे. न्यायात मन हे ज्ञात्याचे साधन आहे, तर मेन थ्रेड हा ज्ञेय वस्तूचा स्वतःचा क्रम आहे. चाचणी त्या क्रमात प्रवेश करून, आपली पाळी आल्यावरच पाहते. ज्ञात्याने ज्ञेयाच्या काळात सामील व्हावे, ही अट येथे नियमाने घातलेली आहे.

प्रत्यक्ष आणि स्मृती

उत्तर म्हणून मिळालेली ॲक्टिव्हिटी एखाद्या चलात साठवून ठेवली आणि पुढील पायऱ्यांत तीच वापरली, तर काय होते? मधल्या काळात फोन फिरला किंवा दुसरे पान उघडले, तर चलात उरते ती नष्ट झालेली ॲक्टिव्हिटी. तिला शीर्षक विचारले तर ती उत्तरही देते. ते उत्तर एके काळी खरे होते, आणि म्हणूनच ते अधिक फसवे असते.

सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ज्ञानाची पहिली विभागणी अनुभव आणि स्मृती अशी आहे. स्मृती केवळ संस्कारातून उपजते. वस्तू समोर असण्याची तिला गरज नसते. म्हणून यथार्थ अनुभवालाच प्रमा म्हटले आहे, आणि स्मृती खरी असली तरी तिला त्या पदावर बसवलेले नाही. चलात धरून ठेवलेला संदर्भ हा या अर्थाने संस्कार आहे. त्याच्यावरून सांगितलेले वर्तमान हे प्रत्यक्षाचे नाव घेऊन वावरणारी स्मृती असते.

अँड्रॉइडच्या नव्या चाचणीसाधनांनी हा भेद आपल्या रचनेतच बसवला आहे. जुन्या ॲक्टिव्हिटी-टेस्ट-रूलमध्ये ॲक्टिव्हिटी सरळ हातात मिळत असे. त्याच्या जागी आलेले ॲक्टिव्हिटी-सिनॅरिओ ती हातात देत नाही. जे पाहायचे किंवा करायचे ते एका फंक्शनमध्ये लिहून द्यावे लागते. ते फंक्शन मेन थ्रेडवर, त्या घडीच्या ॲक्टिव्हिटीसह चालवले जाते, आणि ॲक्टिव्हिटीचा संदर्भ त्याच्याबाहेर साठवू नये असा स्पष्ट इशारा दिलेला असतो. मॉनिटरही ॲक्टिव्हिटींना क्षीण संदर्भानेच धरतो, म्हणजे त्याने धरले आहे एवढ्या कारणाने नष्ट झालेली ॲक्टिव्हिटी मेमरीत अडकून राहत नाही. पाहावे, पण पकडून ठेवू नये, हा येथे व्यवहाराचा नियम आहे.

बाहेरचा साक्षी

आतापर्यंतचे मार्ग ॲपच्या आतून पाहणारे आहेत. इन्स्ट्रुमेंटेशन चाचणी ॲपच्याच प्रक्रियेत चालते. यूआय ऑटोमेटर मात्र बाहेरून पाहतो. दृष्टिहीनांसाठी स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या साधनांसाठी असलेल्या ॲक्सेसिबिलिटी व्यवस्थेतून तो पडद्यावरील घटकांची रचना मिळवतो. त्याला मिळते ते घटकांचे टिपलेले रूप. प्रत्यक्ष घटक त्याच्या हाती येत नाहीत.

सौत्रान्तिक बौद्धांची भूमिका या स्थितीशी जुळते. वस्तू क्षणिक असल्याने ज्ञान उपजेपर्यंत ती निघून गेलेली असते. ज्ञानात तिचा आकार उमटलेला असतो, आणि त्या आकारावरून बाह्य वस्तूचे अनुमान होते. यूआय ऑटोमेटरकडे चालू ॲक्टिव्हिटीचे नाव विचारण्याची सोयही होती. ती सोय शेवटच्या ॲक्सेसिबिलिटी घटनेवरून नाव सांगत असे, म्हणून ती भरवशाची नाही असे ठरवून वापरातून बाद केली गेली. आकारावरून वस्तूचे नाव सांगणे हे अनुमान आहे, आणि अनुमान चुकू शकते, याची ही प्रांजळ कबुली आहे.

तरीही बाहेरून पाहिल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6.0 पासून कॅमेरा किंवा स्थान वापरण्याची परवानगी ॲप चालू असताना मागितली जाते. ती विचारणारी चौकट कार्यप्रणालीची असते, ॲपची नव्हे. ती उघडली की आतून पाहणाऱ्याला आपली ॲक्टिव्हिटी थांबलेली एवढेच कळते. पडद्यावर काय आले आहे हे बाहेरचाच सांगू शकतो.

एकाच विषयाला अनेक प्रमाणे लागू होतात, असे नैयायिक मानतात. त्याला प्रमाणसंप्लव म्हणतात. दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्ध प्रत्येक प्रमाणाचा विषय वेगळा मानतात, ती प्रमाणव्यवस्था. चाचणीच्या क्षेत्रात दोन्ही विचारांना स्थान आहे. बटण दिसते आहे का, हे आतून आणि बाहेरून दोन्ही मार्गांनी पडताळता येते, आणि दोन प्रमाणे जुळली की खात्री वाढते. ॲक्टिव्हिटीची अवस्था मात्र आतूनच कळते, आणि परक्या चौकटीचे अस्तित्व बाहेरूनच. कोणत्या प्रश्नाला कोणते प्रमाण, हे आधी ठरवणे हा चाचणीलेखकाचा पहिला विवेक आहे.

वर्तमान एक की अनेक

‘सध्याची स्क्रीन’ असे एकवचनात बोलताना ती एकच असते, हे गृहीत धरलेले असते. 2016 मधील अँड्रॉइड 7.0 ने पडदा विभागून दोन ॲप शेजारी शेजारी दाखवण्याची सोय दिली. तेव्हा दोन्ही दिसत असली तरी रिझ्यूम अवस्थेत एकच असे. 2019 मधील अँड्रॉइड 10 पासून अनेक ॲक्टिव्हिटी एकाच वेळी त्या अवस्थेत असू शकतात. त्यांतील जिच्याशी वापरकर्त्याचा शेवटचा संबंध आला, ती सर्वांत वरची मानली जाते. अस्तित्वाच्या पातळीवर वर्तमान अनेक, अवधानाच्या पातळीवर एक, अशी ही मांडणी आहे.

उलट दिशेनेही व्याख्या अपुरी पडते. अनेक आधुनिक ॲपमध्ये ॲक्टिव्हिटी एकच असते आणि तिच्यातील फ्रॅगमेंट नावाचे भाग किंवा कंपोज या साधनाने रेखाटलेली पाने बदलत राहतात. वापरकर्ता यादीवरून तपशिलाकडे, तपशिलावरून पैसे भरण्याकडे गेला, तरी ॲक्टिव्हिटीचे नाव तेच राहते. अशा ठिकाणी ‘कोणती ॲक्टिव्हिटी?’ या प्रश्नाचे उत्तर अचूक असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून वापरकर्त्याला दिसणाऱ्या खुणांवरून, म्हणजे शीर्षक, बटण, संदेश यांवरून स्क्रीन ओळखणे अधिक योग्य ठरते. ॲक्टिव्हिटी हा आधार आहे. वापरकर्त्याचे वर्तमान त्या आधारावर प्रकट झालेल्या रूपात असते.

वाट पाहणे आणि पुन्हा पुन्हा पाहणे

स्क्रीन येईपर्यंत थांबण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ठरावीक वेळ झोपणे: दोन सेकंद थांबायचे आणि स्क्रीन आली असे धरायचे. तर्कशास्त्राच्या भाषेत हे अनुमान आहे आणि त्याचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, सव्यभिचार आहे; तो साध्याशी नेहमी जुळत नाही. दोन सेकंद गेले पण स्क्रीन आली नाही, असे मंद यंत्रावर घडू शकते. हेतू आणि साध्य यांची व्याप्तीच नाही. अशी चाचणी कधी उत्तीर्ण होते, कधी नापास, आणि ॲपमध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नसतो. अशा चाचण्यांना या व्यवसायात फ्लेकी म्हणतात.

दुसरा मार्ग म्हणजे कमाल मुदत ठरवून थोड्या थोड्या अंतराने पाहत राहणे. यावर आक्षेप येऊ शकतो, की तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात नवे काय मिळते? धारावाहिक ज्ञानाविषयी हाच वाद झाला होता. समोरचा घट सतत पाहत राहिले तर दुसऱ्या क्षणाचे ज्ञान प्रमा म्हणायचे का, कारण प्रमेत अज्ञात गोष्ट कळायला हवी? धर्मराजाध्वरीन्द्राच्या वेदान्तपरिभाषेत याचे एक समाधान असे दिले आहे, की पुढील प्रत्येक ज्ञान नव्या क्षणाने विशिष्ट असलेल्या घटाला ग्रहण करते. म्हणून ते नवेच असते. पुन्हा पुन्हा पाहणारी चाचणी याच कारणाने व्यर्थ नसते. प्रश्न तोच असला तरी क्षण वेगळा आहे, आणि विषयात क्षणाचा समावेश आहे.

खरा निकाल आणि ज्ञान

चाचणी उत्तीर्ण झाली आणि ॲपही खरोखर बरोबर होते, तरीही चाचणीला ज्ञान झाले असे म्हणता येईल का? बाराव्या शतकातील श्रीहर्षाने खण्डनखण्डखाद्यात मुठीतील कवड्यांचे उदाहरण दिले. कुणी अंदाजाने ‘पाच’ म्हणाला आणि मुठीत पाचच निघाल्या, तर त्याचे म्हणणे खरे ठरले. पण त्याला प्रमा म्हणता येईल का? नष्ट झालेल्या स्क्रीनकडे पाहून दिलेला, पण योगायोगाने बरोबर ठरलेला निकाल याच कोटीतला आहे. आज तो खरा निघाला, म्हणून उद्याच्या दोषाची खबर तो देईलच असे नाही.

म्हणून सध्याच्या स्क्रीनचे ज्ञान तीन अटींवर टिकते. प्रश्न विषयाच्या स्वतःच्या क्रमात विचारलेला असावा. त्याविषयी चालू असलेल्या क्रिया थांबल्याची खातरजमा झालेली असावी. आणि उत्तर त्या क्षणापुरतेच वापरून पुढच्या क्षणी पुन्हा विचारण्याची तयारी असावी. यांतील एकही सुटली की निकाल हिरवा असो वा लाल, तो अंदाजच राहतो. वर्तमान जाणता येतो हा न्यायाचा विश्वास आणि तो धरून ठेवता येत नाही हा बौद्धांचा इशारा, दोन्ही एकत्र पाळणारी चाचणीच प्रमाण म्हणवून घेण्यास पात्र आहे.